उच्च वातावरणाची गणिती प्रतिकृती : ऐतिहासिक टिपण

पुण्यातील बिबवेवाडी सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून सरळ वर ४०० किलोमीटरांवर हवेचे तापमान, घनता व घटक काय असावेत, याचे अनुमान गणकयंत्र आज क्षणात देते. त्यासाठी स्थान, दिनांक, वेळ आणि सूर्याच्या क्रियाशीलतेचे मान एवढे पुरते. परंतु या गणिताचा पाया प्रत्यक्ष मोजमापांनी घातला गेला आहे.

भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. त्याच खात्यातील के. आर. रामनाथन् यांनी आग्र्यासह निरनिराळ्या ठिकाणच्या फुग्यांच्या नोंदींवरून १९२९ साली दाखवून दिले की, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर विषुववृत्तीय हवा ध्रुवीय हवेपेक्षाही थंड असते. मात्र फुग्यांची धाव ३०-४० किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाही.

त्यापलीकडील घनता १९५७ नंतर कृत्रिम उपग्रहांच्या आकसणाऱ्या कक्षांवरून काढता आली. तीवरून लुइजी याकिया यांनी प्रतिकृती रचल्या. सुमारे ११० किलोमीटरांच्या वर वायू एकजीव राहत नाहीत. प्रत्येक वायू आपापल्या वजनानुसार विरळ होत जातो. म्हणून तेथे प्रथम अणुरूप ऑक्सिजन आणि पुढे हेलियम प्रबळ ठरतो. १९७७ साली अ‍ॅलन हेडिन व सहकाऱ्यांनी उपग्रहांवरील घटकमापन आणि रडारने मिळालेले तापमान यांचा मेळ घातला.

या शास्त्राची मर्यादा ११ जुलै १९७९ रोजी उघड झाली. सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक क्रियाशील झाल्याने हवा तापून फुगली, रोध वाढला आणि 'स्कायलॅब' अंदाजाआधीच कोसळली. सूर्याचे भाकीत चुकले, की बिनचूक गणितही चुकीचे उत्तर देते.