बिनशाईची लेखणी

दूरध्वनीच्या शर्यतींत ग्रॅहॅम बेल यांच्या मागें पडलेला संशोधक म्हणून इलायशा ग्रे याचें नांव इतिहासांत येतें. त्याच्या दुसऱ्या यंत्राची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं. येथें हातानें लिहावें आणि तारेच्या दुसऱ्या टोंकास तेंच अक्षर त्याच वळणानें उमटावें, अशा यंत्राचें पेटंट त्यानें १८८८ सालीं मिळविलें. ई-रीडरवर आपण आज ज्या लेखणीनें टिपणें काढतों, तिचें कूळ शोधूं गेल्यास तें येथवर पोंचतें.

या कुळांत एक जुना वाद आहे. बोलावें कोणी आणि ऐकावें कोणी, लेखणीनें कीं पाटीनें? १९६४ सालीं अमेरिकेंतील रँड संस्थेंत डेव्हिस व एलिस यांनीं केलेल्या १० इंची चौरस पाटींत इंचास १०० या हिशेबानें सूक्ष्म रेषा होत्या. पाटी बोले, लेखणी ऐके, आणि ऐकलेलें शेपटीसारख्या तारेनें यंत्रास कळवी. १९८३ मध्यें स्थापन झालेल्या जपानच्या वाकॉम कंपनीनें ही शेपटी तोडली. तंबोऱ्याची एक तार छेडली असतां शेजारची झंकारते, तसाच तिचा प्रकार. पाटीखालच्या तारांच्या जाळ्यांतून विद्युच्चुंबकीय लहरी निघतात, लेखणींतील चिमुकलें वेटोळें त्यांस साद देतें, आणि टोंकावरील दाबानें त्या सादेची पट्टी किंचित् बदलते. त्यावरून रेघ जाड कीं बारीक हें ठरतें. लेखणींत बॅटरी नाहींच.

१९९६ च्या ‘पाम पायलट’ची काडी ही केवळ काडीच, नखही चालावें! यंत्रास माणसाचें अक्षर उमजेना, म्हणून माणसानेंच यंत्राची वर्णमाला गिरवावी, असा तेथें उफराटा न्याय होता. २००७ सालीं स्टीव्ह जॉब्ज यांनीं बोटाचा कैवार घेऊन लेखणीची थट्टा केली. २०१५ मध्यें, त्यांच्या पश्चात्, त्यांच्याच कंपनीनें पेन्सिल काढली. तिच्या पोटांत बॅटरी आहे. ती बोलते व कांच ऐकते.

ई-रीडरची अडचण निराळी. त्याचा कागद मंद, त्यामुळें रेघ हाताच्या मागें रेंगाळते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ‘रीमार्केबल’च्या २०१७ च्या पाटीवर हा विलंब सेकंदाचे ५५ सहस्रांश होता, २०२० च्या पाटीवर २१. त्या दोहोंच्या आणि २०२२ च्या ‘किंडल स्क्राइब’च्या लेखण्या बिनबॅटरीच्या. परंतु २०२४ च्या ‘रीमार्केबल पेपर प्रो’नें बॅटरीची लेखणी स्वीकारली. ही प्रगति आहे, असें मला म्हणवत नाहीं.

कारण माझ्या खणांत बॅटरी मेलेली एक लेखणी पडून आहे. तिच्या पाटींत माझीं तीन वर्षांच्या व्याख्यानांचीं टिपणें वाचतां येतात, पण त्यांच्या समासांत एक शब्द घालतां येत नाहीं. त्या जातीची लेखणी आतां मिळत नाहीं. शेजारची बिनबॅटरीची जुनी लेखणी मात्र दुसऱ्याच कंपनीच्या पाटीवर खुशाल चालते. तिचेंही टोंक खरबरीत पडद्यावर झिजतें, नाहीं असें नाहीं. तें चिमट्यानें उपटून नवें बसवावें लागतें. माझे आजोबा बोरूनें मोडी लिहीत, तेव्हां दौतीशेजारीं बोरू तासण्याचा चाकू असे. माझ्या दिव्याखालीं चिमटा असतो.