शब्दांचा वाडा आणि त्याचे कारभारी

मंडळी, आज आपण ज्या खेळांचा इतिहास बघणार आहोत, त्यांत एकही चित्र नव्हतं. पडद्यावर नुसती अक्षरं. 'उत्तरेकडे जा' असं टाइप केलं की पुढच्या जागेचं वर्णन उमटायचं, आणि तिथे दुसरा कुणी खेळाडू असला तर त्याच्याशी बोलता यायचं.

सुरुवात १९७८ची, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. खजिना शोधायचा, गुण मिळवायचे आणि शेवटी 'विझर्ड' व्हायचं. विझर्डच्या हाती अफाट अधिकार. म्हणजे बघा, गुणांची शिडी ठेवली की वर कोण आणि खाली कोण, हेही आलंच. मग १९८९ साली अमेरिकेत जिम ॲस्पनेस यांनी 'टायनीमड'मधून ती शिडीच काढून टाकली आणि खोल्या बांधायची मुभा सगळ्यांना दिली. लोक लढण्याऐवजी गप्पा मारू लागले, घरं बांधू लागले. रचना बदलली आणि माणसांचं वागणंही बदललं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. १९९०मध्ये पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' सुरू केला. त्याचा नकाशा त्यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला. नवा खेळाडू प्रकटायचा तो कोट टांगायच्या कपाटात! इथे खेळाडूला वस्तूंचे प्रोग्रामही लिहिता येत. वस्ती वाढली, तशी भांडणंही. विझर्ड कंटाळले. १९९२च्या अखेरीस कर्टिस यांनी जाहीर केलं की यापुढे विझर्ड फक्त यंत्रणा सांभाळतील, आपसातले तंटे लोकांनीच सोडवावेत.

पुढच्याच वर्षी 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एका प्रोग्रामच्या जोरावर इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वाक्यं सर्वांदेखत उमटवली. शब्दच ते, पण ज्यांच्या नावावर ते उमटले, त्यांना झालेली वेदना खरी होती. सभा भरली, खूप वाद झाला, निर्णय मात्र झाला नाही. शेवटी एका विझर्डने परस्पर ते पात्र पुसून टाकलं.

शिक्षा योग्य असेल, पण ती द्यायचा अधिकार त्याला कुणी दिला? यावर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. ती काही वर्षं चालली. १९९६ साली विझर्डांनी कबूल केलं की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आणि सूत्रं पुन्हा हाती घेतली.

आम्हाला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. 'आम्ही फक्त यंत्रणा चालवतो' हे वाक्य आपण आजही मोठमोठ्या कंपन्यांकडून ऐकतो. त्या छोट्याशा वस्तीत ते चार वर्षंसुद्धा टिकलं नाही.