टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप आणि आंबा घाट
जर्मन अभियंते हर्मन फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांच्या वाफेच्या टर्बाइनसाठी ज्या द्रवचलित यंत्रणेचे पेटंट घेतले, तिच्यातूनच मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून इंजिनाचे पीळबळ वाढवून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारे साधन, विकसित झाले. तेलाच्या घसरणीत वाया जाणारी शक्ती वाचवण्यासाठी कन्व्हर्टरच्या इंजिनाकडील व गिअरबॉक्सकडील दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच पॅकार्ड या मोटार कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये आणला. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा घाट चढणाऱ्या, फेरफार केलेल्या स्वयंचलित डिझेल पिकअपमध्ये हा क्लच अकाली जुळल्यास इंजिन दबते आणि उशिरा जुळल्यास तेल तापते. उतारावर मात्र तो जुळलेला राहिल्यास इंजिनाचा रोध ब्रेकवरील भार हलका करतो, म्हणून लॉकअपची वेळ काटेकोरपणे ठरवणे हा घाटातील सुरक्षिततेचाच भाग ठरतो.