खालच्या गल्ल्यांची नोंद

वर्धा खोऱ्यात कोळसा आधी वरोऱ्याला निघाला. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, तोवर बल्लारपूरला काम सुरू झालं होतं. हे छापलेलं सापडतं. खाणीत उतरलेले आमचे आबाजी सांगत ते कुठेच छापलेलं नाही: कुठे पाणी शिरलं, कुठे खांब बारीक झाले, कोळसा काढून रिकाम्या झालेल्या कोणत्या गल्लीत वाळू भरायची राहिली.

भूमिगत खाणीत छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात. पुढे परतताना तेही काढतात, ते ‘डिपिलरिंग’. मागे उरलेली पोकळी ‘गोफ’. छत कोसळण्याआधी लाकडी टेकू कुरकुरत. “छत बोलते, पोरा. बोललं का मांगं फिराचं,” आबाजी बजावत.

आजीकडे वरची बाजू होती. “वावरात खुट्या ठोकून दुर्बीण लावत. आमाले वाटे, जमीनच घेऊन रायले.” खरं तर ते सर्व्हेअर जमिनीचं खचणं मोजत होते. खाणीच्या प्रभावाबाहेरच्या स्थिर खुणेपासून प्रत्येक खुंटीची उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि ठरावीक काळाने पुन्हा ताडून पाहायची. मधली जमीन बसते, कडेची ताणली जाते आणि भेगा पडतात. आमची काळी माती तर उन्हाळ्यात आपणहून भेगाळते, पावसात फुगते. म्हणून खुंटी मातीखालच्या घट्ट थरापर्यंत न्यावी लागते. नाहीतर मातीचं फुगणंच मोजलं जातं.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झालं. माणसं आधीच बाहेर धावली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. खाण बंद झाली तरी खांबांवरचं ओझं तसंच राहतं. पाण्याने आणि काळाने ते खांब झिजतात.

आता सेंटिनेल-१ सारखे रडार उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच जमिनीवरून जातात आणि काही मिलिमीटरचं सावकाश बसणंही टिपतात. पण उथळ पोकळी एका क्षणात कोसळते, तेव्हा दोन फेऱ्यांमधलं अंतर फार मोठं ठरतं. तिथे आधीच ठाऊक असावं लागतं की खाली काय आहे.

म्हणून मला वाटतं, खाणीत उतरलेली म्हातारी माणसं हयात आहेत तोवर सर्व्हेअरने जुना नकाशा घेऊन त्यांच्याजवळ बसावं. ती दाखवतील त्या जागी खूण करावी, बोअर मारून खात्री करावी, आणि पोकळी निघाली तर वस्तीला आधी सांगावं.