निकेल-मॉलिब्डेनम नॅनोउत्प्रेरक

निकेल-मॉलिब्डेनम नॅनोउत्प्रेरक म्हणजे पाण्याच्या विद्युत अपघटनात ऋणाग्रावर हायड्रोजन निर्मितीचा वेग वाढवणारे मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण होत. या कामी प्लॅटिनम सरस असले, तरी ते दुर्मिळ व महाग आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा भुकटीची कृती प्रसिद्ध केली. तीत अमोनियाच्या साहाय्याने दोन्ही धातूंची मिश्र ऑक्साइडे प्रथम अवक्षेपित करतात व नंतर हायड्रोजनच्या वातावरणात तापवून त्यांचे क्षपण करतात. खरी कसोटी या दुसऱ्या टप्प्यात लागते: तापमान कमी पडल्यास ऑक्साइड शिल्लक राहते, फार वाढल्यास कण एकमेकांना चिकटून पृष्ठफळ घटते. अल्कधर्मी द्रावणात हा उत्प्रेरक चांगला टिकतो. आम्लात मात्र निकेल विरघळू लागते व क्रियाशीलता ओसरते.