डिजिटल शाळा : भिवंडी व ठाणे परिसर

संगणक, टॅबलेट, प्रक्षेपक, स्पर्शपटल, भ्रमणध्वनी व आंतरजाल या अंकीय साधनांचा दैनंदिन अध्यापनात नियमित उपयोग करणाऱ्या शाळेस महाराष्ट्रात 'डिजिटल शाळा' असे सामान्यतः म्हटले जाते. ही संज्ञा २०१५ नंतर राज्यभर रूढ झाली; तथापि वर्गात यंत्रसाधने आणण्याचे प्रयत्न त्याहून पुष्कळ जुने आहेत. या प्रयत्नांची वाटचाल व मर्यादा भिवंडी आणि तिच्या सभोवतालच्या ठाणे जिल्ह्यात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमाग उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले शहर. लोकसंख्या ७,०९,६६५ (२०११). यंत्रमागांवर काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इ. प्रदेशांतून आलेल्या कामगारांची येथे मोठी वस्ती असून मराठीबरोबरच उर्दू, हिंदी, तेलुगू व गुजराती या भाषा बोलल्या जातात. शहराबाहेर तालुक्यात आगरी, कुणबी, वारली, कातकरी इ. समाजांची गावे व पाडे आहेत. वीटभट्ट्यांच्या हंगामात अनेक आदिवासी कुटुंबे स्थलांतर करतात. शहरातील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिकेकडे व ग्रामीण भागातील शाळा ठाणे जिल्हा परिषदेकडे आहेत. अनेक भाषा, अस्थिर वस्ती आणि दाटीची घरे या परिस्थितीत एखादे शैक्षणिक साधन मुलापर्यंत कितपत पोहोचते, याची कसोटी येथे सहजच लागते.

पूर्वपीठिका : परिसराशी नाते सांगणाऱ्या साधनांतून शिकविण्याची परंपरा जुन्या ठाणे जिल्ह्यात पूर्वीपासून होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ते कार्य कोसबाड येथे नेले (ही दोन्ही ठिकाणे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात). बिया, शिंपले, काड्या, माती यांपासून बनविलेली साधने वापरून आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवून त्यांनी शाळा मुलाकडे नेली. साधनाचे मोल त्याच्या किंमतीवर नसून मुलाच्या अनुभवाशी असलेल्या त्याच्या नात्यावर अवलंबून असते, हा विचार या कार्यामागे होता.

विद्युत् साधनांपैकी आकाशवाणी सर्वांत आधी शाळेत आली. १९३०–४० या दशकातच मुंबईसह काही केंद्रांवरून शालेय कार्यक्रम सुरू झाले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग देशातील सहा राज्यांत झाला. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. इन्सॅट उपग्रहमालिकेमुळे मात्र महाराष्ट्रासही संधी मिळाली आणि १९८४ मध्ये पुणे येथे राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था अर्थात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिने मराठीतून मोठ्या प्रमाणावर शैक्षणिक चित्रफिती तयार केल्या. ही संस्था ३१ मे २०१७ रोजी बंद करण्यात आली. डिजिटल शाळांची मोहीम राज्यात जोरात असतानाच, शैक्षणिक चित्रफितींचा अनुभव असलेली ही संस्था नाहीशी व्हावी, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

संगणकाचा प्रवेश : केंद्र शासनाने १९८४ मध्ये 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. सुरुवातीस देशातील सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे ब्रिटिश संगणक देण्यात आले. संगणक स्वतंत्र, कुलूपबंद खोलीत ठेवला जाई आणि आठवड्यातील ठराविक तासाला विद्यार्थी तेथे जात. म्हणजे संगणक हा शिकण्याचा विषय होता. अन्य विषय शिकण्याचे साधन नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या शालेय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजनेचा भरही मुख्यतः माध्यमिक शाळांतील संगणककक्षांवरच होता. प्राथमिक शाळा, विशेषतः पाड्यांवरील एक-दोन शिक्षकी शाळा, या प्रवाहाबाहेर राहिल्या.

विजेचा प्रश्नही होता. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते. भिवंडी मंडलातील वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून फ्रँचायझी तत्त्वावर टोरेंट पॉवर या कंपनीकडे सोपविण्यात आले. अशा प्रकारची ही देशातील पहिली व्यवस्था होय. मागांच्या शहरात विजेचा विचार प्रथम उद्योगाच्या दृष्टीने होणे स्वाभाविक होते. परंतु शाळेतील संगणकही त्याच तारेवर अवलंबून होता. ग्रामीण भागात तर थकीत देयकांमुळे शाळांचा वीजपुरवठा तोडला जाण्याचे प्रकार राज्यात वारंवार घडले. यंत्र देणगीतून मिळे. दरमहाचे देयक कोणी भरावयाचे, हे मात्र ठरलेले नसे.

डिजिटल शाळांची चळवळ : २०१० नंतरच्या काही वर्षांत या चित्रात बदल झाला व तो बऱ्याच अंशी खालून वर आला. भिवंडीलगतच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या छोट्या वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगणक, टॅबलेट व स्पर्शपटल यांचा नेहमीच्या पाठांत उपयोग होऊ लागला. येथे यंत्र वेगळ्या खोलीत न राहता वर्गात, मुलांच्या हाती आले. राज्यातील आरंभीच्या डिजिटल शाळांत तिची गणना होऊन अन्य जिल्ह्यांतील शिक्षक ती पाहण्यास येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयान्वये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर या प्रयत्नांस वेग आला. बहुतेक ठिकाणी साधनांची खरेदी शासकीय अनुदानातून न होता ग्रामस्थांची लोकवर्गणी, शिक्षकांची पदरमोड व दात्यांचे साहाय्य यांतून झाली. त्यामुळे गावाला शाळेविषयी आपलेपणा वाटू लागला. त्याचबरोबर ज्या गावाची ऐपत नव्हती, ते मागे राहिले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी केलेला उपक्रम या संदर्भात उल्लेखनीय आहे. क्यूआर कोड ही चौकोनी संकेतचिन्हे जपानमध्ये १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाली होती. डिसले यांनी ती पाठ्यपुस्तकात वापरली. भ्रमणध्वनीचा कॅमेरा चिन्हावर धरला की त्या पाठाची ध्वनिफीत वा चित्रफीत उघडत असे. मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती भाषा शिकून पाठ्यसाहित्याचे भाषांतरही केले. अशी चिन्हे सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत छापण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१७ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाने 'दीक्षा' हा अंकीय मंच सुरू केला. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना देण्याचे घोषित केले. संकेतचिन्हांना प्रसिद्धी अधिक मिळाली. तथापि मुलाची भाषा शिकणे हा या उपक्रमाचा पाया होता.

भाषेचा प्रश्न : महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके बालभारती (स्थापना १९६७) आठ भाषांतून प्रसिद्ध करते. पुस्तकाचे भाषांतर एकदा केले की ते छापता येते. चित्रफिती मात्र प्रत्येक माध्यमासाठी निवेदक, लेखन व चित्रण यांसह नव्याने कराव्या लागतात. भिवंडीत उर्दू माध्यमाचे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने असून तेलुगू माध्यमाचीही परंपरा आहे. कातकरी व वारली मुलांच्या घरच्या बोली तर कोणत्याच माध्यमात येत नाहीत. त्यामुळे एकच पडदा सर्व मुलांना सारखेच शिकवील, ही अपेक्षा येथे फोल ठरते; पडद्यावरील मजकूर मुलाच्या भाषेत उलगडून सांगणारा शिक्षक अपरिहार्य ठरतो.

महासाथीचा काळ : मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या महासाथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि अंकीय साधने ही पूरक न राहता एकमेव साधने बनली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व २३.८ टक्के कुटुंबांना आंतरजालाची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण अनुक्रमे ४.४ व १४.९ टक्के इतकेच होते. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. तिला आंतरजाल लागत नसल्याने ती अधिक घरांत पोहोचू शकली. परंतु ती मराठीतून होती.

भिवंडीतील माग टाळेबंदीत थांबले आणि कामगार मोठ्या संख्येने गावी निघाले. मे २०२० मध्ये भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे स्थलांतरितांची विशेष गाडी सोडण्यात आली. घरात भ्रमणध्वनी एकच, तोही कमावत्या माणसाच्या खिशात. अशा कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने ऑनलाइन वर्ग नावापुरताच होता. ज्यांच्यासाठी कुरणशाळेसारखे प्रयोग झाले, त्याच थरातील मुले या काळात पुन्हा शाळेबाहेर राहिली. ४ ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग टप्प्याटप्प्याने उघडू लागले, तेव्हा वाचन-लेखन विसरलेल्या मुलांना पुन्हा प्रारंभापासून शिकविण्याचे काम शिक्षकांपुढे होते.

मूल्यमापन : शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या उपयुक्ततेविषयी निःपक्षपाती पुरावा अपुरा असून त्याचा वापर विद्यार्थ्याचे हित पाहूनच व्हावा, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात प्रतिपादिले आहे. ठाणे परिसराचा अनुभवही याहून निराळा नाही. नकाशा, ग्रहगती, रक्ताभिसरण यांसारखे विषय चलत्‌चित्रांमुळे सुबोध होतात आणि दूरच्या पाड्यावरील मुलास बाहेरचे जग दिसते, हे निर्विवाद आहे. मात्र दुरुस्ती, वीज व प्रशिक्षण यांची कायम तरतूद नसेल, तर पटल अल्पावधीतच भिंतीवर निरुपयोगी लटकत राहते. शिवाय 'सरल' (२०१५) सारख्या प्रणालींत माहिती भरण्याच्या कामामुळे, जे यंत्र अध्यापनास साहाय्यक व्हावयाचे तेच शिक्षकाचा वर्गातील वेळ घेऊ लागले, अशी तक्रार शिक्षकवर्गातून होत आली आहे. आकाशवाणीपासून टॅबलेटपर्यंत प्रत्येक साधनाचे स्वागत शिक्षणातील विषमता दूर करणारे म्हणून झाले. परंतु ते साधन प्रथम पोहोचले ते सुस्थित घरांतच. स्थलांतरित मागकामगाराच्या व वीटभट्टीवरील मजुराच्या मुलापर्यंत ते त्याच्या भाषेत आणि ओळखीच्या शिक्षकाच्या हातून पोहोचणे, ही डिजिटल शाळेची खरी कसोटी होय.