वार्मिंट रायफल

वार्मिंट रायफल ही शेती व कुरणांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांवर दूर अंतरावरून नेम धरण्यासाठी बनवलेली रायफल होय. ‘वार्मिंट’ हे उपद्रवी प्राणी या अर्थाच्या ‘व्हर्मिन’ या इंग्रजी शब्दाचे बोलीतील रूप आहे. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असून प्रेअरी डॉग, वुडचक व कायोटी हे त्यातील नेहमीचे प्राणी आहेत. प्रेअरी डॉग नावाने कुत्रा असला तरी प्रत्यक्षात तो बिळात राहणारा, खारीच्या कुळातील प्राणी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांची शिकार सर्वसाधारणपणे निषिद्ध असल्याने हा प्रकार येथे रूढ नाही.

लक्ष्य लहान आणि पल्ला मोठा, ही या रायफलीपुढील मूळ अडचण आहे. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या प्रेअरी डॉगची रुंदी जेमतेम वीतभराच्या निम्मी असते. कोनाच्या एका मिनिटाएवढी चूक ३०० यार्डांवर (सुमारे २७५ मीटर) आठ सेंटिमीटर होते. म्हणजे एरवी उत्तम समजली जाणारी रायफलही येथे काठावरच उत्तीर्ण होते. म्हणून नळी व काडतूस यांची निवड एकत्रच करावी लागते. चांगली नळी आणि चांगले काडतूस स्वतंत्रपणे निवडून जोडी जमेलच असे नाही.

नळीचा पीळ

रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खोबणी कोरलेल्या असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळते. किती इंच लांबीत एक फेरा पूर्ण होतो, त्यावरून पीळ मोजतात. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट. गोळीला किती घट्ट पीळ लागेल हे प्रामुख्याने तिच्या लांबीवर ठरते. बोलताना मात्र सर्वत्र वजनाचाच उल्लेख होतो आणि नवख्यांचा गोंधळ बहुधा तेथूनच सुरू होतो.

ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले की पिळाची लांबी मिळते. अतिवेगवान गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० घेतात. उदाहरणार्थ, ५.६९ मिलिमीटर व्यासाची व १८ मिलिमीटर लांबीची गोळी घेतल्यास उत्तर सुमारे ३२४ मिलिमीटर, म्हणजे पावणेतेरा इंच येते. तिला १२ इंची पीळ पुरतो. त्याच व्यासाची पण २५ मिलिमीटर लांबीची गोळी घेतल्यास उत्तर ९ इंचांच्या आसपास येते आणि व्यवहारात थोडे हात राखून ८ इंची पीळ निवडतात.

पीळ सैल पडला तर गोळी डगमगत जाते व लक्ष्यावर आडवीही आदळते. अति घट्ट पिळाचाही धोका आहे. सेकंदाला ४,००० फूट वेगाची गोळी १२ इंची पिळातून मिनिटाला २,४०,००० फेरे घेत बाहेर पडते. ८ इंची पिळात हाच आकडा ३,६०,००० होतो. वार्मिंटसाठीच्या गोळ्यांचे कवच मुद्दाम पातळ ठेवलेले असते, जेणेकरून त्या आदळताच फुटाव्यात व उसळून इतरत्र जाऊ नयेत. असे कवच या फिरकीने हवेतच फाटू शकते.

.२४४ रेमिंग्टनचा धडा

पिळाच्या निवडीचे परिणाम १९५५ मध्ये उघड झाले. त्या वर्षी सहा मिलिमीटर व्यासाची दोन काडतुसे बाजारात आली. विंचेस्टर कंपनीने .२४३ साठी १० इंची पीळ ठेवला, तर रेमिंग्टनने .२४४ कडे वार्मिंटचे काडतूस म्हणून पाहिले आणि हलक्या गोळ्यांसाठी १२ इंची पीळ निवडला. ग्राहकांना मात्र एकाच रायफलीने हरणाचीही शिकार करायची होती आणि त्यासाठी १०० ग्रेनची लांब गोळी हवी होती. .२४४ मध्ये दारूसाठी जागा किंचित अधिक असूनही ते मागे पडले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ या नावाने ९ इंची पिळासह पुन्हा आणले, पण तोवर.२४३ चा जम बसला होता. रेमिंग्टनची निवड तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती. चुकला तो ग्राहकाचा अंदाज.

वेग, उष्णता आणि झीज

वेगवान गोळी कमी वेळात पोहोचते, त्यामुळे ती कमी खाली येते व अंतराच्या अंदाजातील चूक खपून जाते. १९३५ च्या .२२० स्विफ्टने ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,११० फूट वेगाने सोडली. हा वेग ध्वनीच्या साडेतीन पटींहून अधिक होता. मात्र तप्त वायूंमुळे नळीचा गोळीलगतचा भाग लवकर झिजतो. नळी गार होऊ न देता बार काढत राहिल्यास झीज आणखी वाढते. .२२२ रेमिंग्टन (१९५०) व .२२३ रेमिंग्टन (१९६४) यांत दारू कमी, वेगही कमी, पण नळी अधिक टिकते. दिवसभर गोळ्या झाडणाऱ्यास हाच सौदा परवडतो. जाड व जड नळी उष्णता सावकाश धरते आणि कमी थरथरते. खांद्यावर घेऊन फिरण्यास मात्र ती गैरसोयीची असते.

हलक्या गोळीला वारा लवकर ढकलतो. म्हणून ४०० यार्डांपलीकडे लांब, निमुळत्या गोळ्या व घट्ट पीळ यांकडे कल दिसतो.

शिसे व तांबे

मारलेले प्राणी बहुधा माळावरच पडून राहतात. गोळीतील शिशाचे कण त्यांच्यासोबत गरुडादी पक्ष्यांच्या पोटात जातात. शिवाय काळ्या पायांचे फेरेट हे दुर्मिळ मांसभक्षक जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगते. नामशेष मानले गेलेले हे फेरेट १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात पुन्हा आढळले. त्यामुळे प्रेअरी डॉगला केवळ उपद्रवी मानण्यावर आक्षेप घेतले जातात.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला अधिक घट्ट पीळ लागतो. .२२-२५० सारख्या काडतुसांच्या जुन्या रायफलींत १४ इंची पीळ असे. त्यांच्या मालकांना तांब्याच्या त्यातल्या त्यात हलक्या, आखूड गोळ्या निवडाव्या लागतात किंवा नळीच बदलून घ्यावी लागते.